दोन उभ्या काड्या

आमच्या घरी कधी काही संपलं नाही. डबा खडखडीत रिकामा झाला तरी आई म्हणायची, "तांदूळ वाढले." तसंच तेल वाढायचं, मीठ वाढायचं, देवापुढचा दिवा वाढायचा. आम्ही रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा शेजारच्या दीदीनं एकदा हे ऐकलं आणि वाटी घेऊन दारात उभी राहिली. "तेल बढ़ गया है तो थोड़ा इधर भी दे दो," ती हसत म्हणाली. आईनं तिला बसवून घेतलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत समजावलं, की संपलं, बंद झालं, विझलं असे शब्द घरात काढायचे नसतात. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. मी आतल्या खोलीतून ओरडले, की ही रेल्वेची वास्तू आहे, अर्ज दिल्याशिवाय ती काहीच ऐकत नाही. दीदी पुष्कळ हसली. आई हसली नाही.

मी ही अशी. तोंडाला कुलूप म्हणून नाही. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तो बाबांकडून आलेला. बाबा मालधक्क्यावर क्लार्क होते. वॅगनचे नंबर या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि मग तो आवाज घरातही तसाच राहिला. संध्याकाळी फाटकातून हाक यायची, "पोट्टे, दार उघड." आमच्यासकट आणखी दोन घरांची दारं उघडायची.

या आवाजाशी माझं भांडण होतं. बारावीनंतर मला नागपूरला शिकायला जायचं होतं. मार्क होते, मावशीचं घर होतं, फॉर्मसुद्धा भरून तयार होता. बाबा म्हणाले, "नाही." वॅगनच्या नंबरासारखं, एकदाच, ठणठणीत. काहून नाही, ते सांगितलं नाही. मी आठ दिवस जेवले नाही असं आई म्हणते. मला वाटतं दोनच दिवस. पुढे इथंच शिकले, इथंच नोकरीला लागले, लग्न राहून गेलं, आईबाबांजवळच राहिले. पण ते 'नाही' घशात अडकलेल्या काट्यासारखं वीस वर्षं तसंच होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघंही तापट, दोघंही हट्टी.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. मग राजधानीला हे गाव पुरेना, तेव्हा नवा रायपूर बांधला आणि आमचं ऑफिस उचलून तिकडे नेलं. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर बाबांनाच न्यावं लागलं असतं. एक बस चुकली की पुढचीची वाट पाहत उन्हात उभं राहायचं. त्या ऑफिसात मी कम्प्युटरवाली मॅडम होते. पोस्ट तशी नव्हती, पगारही तसा नव्हता, पण अडलं की सगळे माझ्याकडे. "मैडम, वीडियो नहीं चल रहा" हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायचे.

व्हिडिओ न चालण्याचं कारण दहातल्या आठ वेळा एकच. फाइल कोणीतरी दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून ठेवलेली असायची. नळाखाली एक बादली लागलेली असली की दुसरी कशी लागणार, तसंच. जो प्रोग्राम फाइल धरून बसतो तो सोडत नाही, आणि दुसऱ्याला ती वाजवता येत नाही, नाव बदलता येत नाही, उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. एकदा मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये पडद्यावर फाइल दुसरीकडे उघडी असल्याची सूचना आली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. मी गेले, टास्क मॅनेजर उघडला, यादीतून दोषी प्रोग्राम शोधला आणि 'एंड टास्क' दाबलं. व्हिडिओ सुरू. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मैडम के हाथ में जादू है." त्या दिवशी मी बसमध्ये उभ्यानं आले तरी पाय दुखले नाहीत.

त्याच वर्षी बाबांचा आवाज बसला. ते सकाळी गुडाखू घासायचे, गूळ-तंबाखूची ती काळी पेस्ट. विदर्भातून आले तेव्हा हे व्यसन नव्हतं. ते इथल्या मातीनं दिलं. आवाज बसला तो उठलाच नाही. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून मधला एक भाग खोडला, आणि हा काढावा लागेल म्हणाले. जीव वाचेल, पण आवाज जाईल. बाबांनी विचारलं, "पूरा?" डॉक्टर म्हणाले, "पूरा." बाहेर निघताना तिथल्या एका सिस्टरनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की यांचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवा, नंतर घरच्यांना फार लागतो.

घरी कम्प्युटर होता. मी रेकॉर्डिंगचा प्रोग्राम टाकला, माइक जोडला, फाइलला 'बाबा' असं नाव दिलं. तेव्हा विधानसभा चालू होती, प्रश्नांची उत्तरं रोज जायची होती, रजा मिळायचं नाव नव्हतं. म्हणून आईला शिकवलं. "हा लाल गोल दाबला की सुरू. या दोन उभ्या काड्या म्हणजे थोडं थांबवायचं, खोकला आला, पाणी प्यायचं असलं तर. अन् हा चौकोन म्हणजे बंद. काम खतम." आईनं मान हलवली. मी म्हटलं, "परत सांग." तिनं सगळं बरोबर सांगितलं.

बाबा दोन दुपारी बोलले. मी ऑफिसात होते. काय बोलले, ते मी विचारलं नाही. रेकॉर्ड झालंय तर ऐकूच, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. रिक्षा दारात उभी होती, आई देवाला नमस्कार करत होती, आणि बाबा चपला घालता घालता त्या फाटक्या आवाजात मला म्हणाले, "तुह्यासाठी बी बोललो आहे त्यात. ते नागपूरचं. नंतर ऐक."

मी "हव" म्हटलं. रिक्षात मात्र मला रडू यायला लागलं आणि मी रिक्षावाल्यावर उगाच खेकसले की खड्डे पाहून चालव.

ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. तीन आठवडे मी दवाखाना, ऑफिस आणि घर अशी फिरत होते. कम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. आईनं त्यावर जुन्या साडीचा शिवलेला झाकण-कपडा घातला होता आणि पडदा काळा होता, एवढंच मला दिसलं. आत बारीक दिवा लुकलुकत होता, तो झोपवलेल्या मशीनचा असतो. मी म्हटलं, झोपू दे.

बाबा घरी आले त्या रविवारी गळ्याला जाळीचा रुमाल होता आणि हातात पाटी. शाळेतल्यासारखी काळी पाटी आणि खडू, त्यांनीच मागवली होती. दुपारी जेवण झाल्यावर ते कम्प्युटरजवळच्या खाटेवर टेकले आणि पाटीवर लिहिलं, "लाव."

आई म्हणाली, "आज राहू द्या नं. थकले तुम्ही."

बाबांनी तोच शब्द बोटानं परत दाखवला.

मी कपडा काढला, कम्प्युटर जागा केला, फाइलवर दोनदा टिचकी मारली. सूचना आली: ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. मला हसूच आलं. एवढंच ना. हे तर माझं रोजचं काम. मी बाबांना म्हटलं, "दोन मिनिटं." दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहिली, तीच सूचना. नाव बदलायला गेले, नाही. कॉपी करायला गेले, नाही. मग मला व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामचा संशय आला, कारण तो उगाच सगळीकडे नाक खुपसतो. त्याला गप्प बसवलं, तरी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, पण ते नंतर कळलं. फाइलचा आकारही अगदी लहान दिसत होता. दोन दुपारी बोललेल्या माणसाची फाइल एवढीशी कशी, हा विचार माझ्या मनात आला होता. आला आणि गेला. मी तो धरून ठेवला नाही.

बाबा माझ्याकडे पाहत होते. पाटी मांडीवर, खडू बोटात. मला घाम फुटला होता. कूलर समोर असून घाम.

मी टास्क मॅनेजर उघडला. यादीत रेकॉर्डिंगचा प्रोग्राम दिसला, चालू. मी कपाळावर हात मारला. आईनं रेकॉर्डिंग केलं आणि खिडकी मिटायची राहिली, दुसरं काय. मी म्हटलं, "सापडला चोर. हाच धरून बसला आहे. याले बंद करते."

आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती उठली. "ते बंद नको करू वो."

"आई, बंद केल्याशिवाय ते उघडतच नाही."

"मग नको उघडू आज. उद्या पाय."

"काहून?"

आईनं बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बाबांकडे. "असंच," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. खरं सांगते, भयंकर राग आला. तो माणूस तीन आठवड्यांनी घरी आलाय, त्याला एकदा आपला आवाज ऐकायचा आहे, आणि हिचं काय मध्येच शकुन-अपशकुन. मला वाटलं, मी 'बंद' हा शब्द काढला म्हणून वास्तूच्या भीतीनं बोलून राहिली. मी म्हटलं, "तुह्या वास्तूले सांग कान झाकून घ्यायले." आणि 'एंड टास्क' दाबलं. कम्प्युटरनं विचारलं, सेव्ह न केलेलं काम जाईल, चालेल का. ते तो नेहमीच विचारतो. मी 'हो' म्हटलं.

फाइल उघडली. प्लेअरच्या खाली वेळ आली: शून्य.

मी परत लावली. शून्य. बाबा वाकून पडद्याकडे पाहत होते, आवाज येईल म्हणून. मी त्यांना म्हटलं, "थोडा वेळ लागते." आयुष्यात मी बाबांशी पुष्कळ भांडले, पण खोटं फार कमी बोलले. ते खोटं होतं आणि मला तेव्हाच माहीत होतं.

स्वयंपाकघरात मी आईला भिंतीशी धरलं. "तू चौकोन दाबला होता का नाही? खरं सांग."

ती हळू बोलली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "नाही दाबला."

"मग?"

"दोन काड्या दाबल्या. तूच म्हटलं होतं, काड्या म्हणजे थोडं थांबलं, चौकोन म्हणजे बंद, काम खतम." तिनं बाहेर बाबांकडे एकदा वाकून पाहिलं. "सकाळी ते आवाज काढायले दवाखान्यात जाणार होते. अन् आदल्या दुपारी मी माह्या हातानं आवाज बंद करू? असं कोणी करते का? थांबला आहे, म्हटलं. चालू राहू दे. मी रोज पाहून राहिली होती, दिवा लुकलुकते का नाही."

मग मला सगळं कळलं. तीन आठवडे ते रेकॉर्डिंग संपलंच नव्हतं. प्रोग्राम फाइल धरून बसला होता कारण त्याला वाटत होतं, बाबा पाणी पिऊन येतील आणि पुढे बोलतील. सगळं बोलणं त्याच्याजवळ शाबूत होतं. मी तीच दोन काड्यांची खिडकी उघडून एकदा चौकोन दाबला असता, तर फाइल बांधून माझ्या हातात दिली असती. किंवा आईला 'काहून' विचारल्यावर दोन मिनिटं थांबले असते. किंवा तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं असतं, कारण बाबांसमोर ती त्यांचा आवाज बंद व्हायची गोष्ट काढणार नाही हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, कळायला हवं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आईला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, आणि आईनंच सांगितलं होतं की बंद नको करू.

तिच्यावर रागावणार तरी कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. आम्ही दोघी तिथं ओट्याला टेकून उभ्या राहिलो. बाहेरून खडूनं पाटीवर टकटक केल्याचा आवाज आला. आता तीच त्यांची हाक होती.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि कम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन समता कॉलनीत गेले. तिथं दवाखान्यांच्या रांगेत हरवलेल्या फाइली परत काढून देणारा एक माणूस बसायचा, माझ्याच वयाचा, शांत. मी त्याला घडलं ते सांगितलं, पण थोडं बदलून. 'एंड टास्क' कोणी केलं ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. "दो दिन दीजिए," म्हणाला.

दोन दिवसांनी गेले तर त्यानं मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी समजले. तो म्हणाला की हा प्रोग्राम बोलणं मेमरीत ठेवतो आणि चौकोन दाबल्यावरच डिस्कवर लिहितो. सुरुवातीचा एक लहान तुकडा तेवढा लिहिला गेला होता. "ग्यारह सेकंड मिला है, मैडम."

"और बाकी?"

"जब तक चालू था, तब तक सब था," तो म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून नाही म्हणाला तो. पण ते वाक्य मी बसभर, आणि नंतर कितीतरी दिवस, उराशी घेऊन फिरले.

तो तुकडा मी तिथं ऐकला नाही. घरी आणला. बाबांना काय सांगायचं, त्याची वाटेत शंभर वाक्यं जुळवली आणि घरी एकही आठवलं नाही. मी सरळ सांगितलं, "बाबा, माह्या हातून गेलं. एवढंच राहिलं." पूर्वीचे बाबा असते तर चार घरं ऐकतील असे ओरडले असते. मी वाट पाहत होते, की ओरडा. त्यांनी फक्त हातानं कम्प्युटरकडे खूण केली.

मी लावलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आईचा आवाज, माइकच्या फार जवळ, "झालं सुरू. लाल लागला." मग खोकला. मग बाबा, घोगरे पण बाबाच, अगदी आज्ञाधारकपणे, वॅगनवाल्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं तसं: "बोलू का?"

बस. तिथं संपलं. हो, संपलंच म्हणते मी.

बाबांनी परत लावायला सांगितलं. मग परत. पुढे त्यांनी स्वतःच माउस घेतला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि शेवटी विचारलंच. "त्यात माह्यासाठी काय बोलले होते? नागपूरचं? लिहून द्या नं."

त्यांनी पाटी घेतली. 'नागपूर' लिहिलं, त्यांच्या त्या सरकारी, तिरक्या अक्षरात. खडू थोडा वेळ तसाच टेकवून धरला. मग तळहातानं पुसलं आणि खाली लिहिलं, "लिहायचं असतं तं लिहिलंच असतं." ते मी वाचलं हे पाहून तेही पुसलं. मग लिहिलं, "चहा."

मी चहा टाकायला गेले. साखर वाढली होती. तीच कशी वाढली, म्हणून मी आईवर चिडले आणि मग डबा हातात धरून रडले. आईनं डबा माझ्या हातातून काढून घेतला.

त्यानंतर मी त्यांना कधी विचारलं नाही. बाबा मात्र रोज दुपारी ती फाइल लावायचे. ती आता लगेच उघडायची, काही अडायचं नाही. तिला धरून बसणारं कोणी राहिलं नव्हतं. एरवी मी ऑफिसात असायचे, रविवारी ऐकायचे. खुर्ची सरकायची, लाल लागायचा, खोकला यायचा, आणि बाबा विचारायचे, "बोलू का?"

आई पोळ्या लाटत असायची. ती दर वेळी आतून म्हणायची, "बोला नं."